कौतिक नावाचा उंदीर

सुनंदाबाईंनी लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. एरवी 'अहो', नाहीतर 'चंदनना बाप'. हे चंदनचे वडील म्हणजे कौतिकभाऊ, धुळ्याबाहेरच्या आमच्या फार्मसी कॉलेजचे वॉचमन. ते पुढे गेटवर, बाई मागे ॲनिमल हाऊसमध्ये उंदीर सांभाळायला, आणि मी मध्ये स्टोअरमध्ये, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं ऐकू येतं.

उंदीर मयुरीचे, म्हणजे तिच्या पीएच.डी.चे. बहुतेक औषधांना न जुमानणारे जंतू तिने त्यांच्या मांडीत टोचले होते. पहिल्या पिंजऱ्याला नुसतं सलाईन, दुसऱ्याला एक अँटिबायोटिक, तिसऱ्याला दुसरं, आणि चौथ्याला दोन्ही एकत्र. एकेकटी हरणारी औषधं जोडीने जंतूंना लोळवतात का, एवढंच बघायचं होतं. तिची डिग्री त्या चौथ्या पिंजऱ्यावर उभी होती.

बाईंनी मात्र उंदरांना सासरच्या मंडळींची नावं देऊन टाकली. चौथ्या पिंजऱ्यात साक्रीची नणंद ताईबाई. सलाईनच्या पिंजऱ्यातला सगळ्यात जाडा आणि आळशी तो कौतिक. घरी जे बोलायची सोय नव्हती ते सगळं बाई त्याला सुनावत. बिडी, टीव्हीचा आवाज, आणायला विसरलेली भाजी, काही सुटत नसे. इतकं मनमोकळं नाव घेताना मी दुसरी बायको पाहिलेली नाही.

जंतू टोचल्याच्या दुसऱ्या सकाळी कौतिक अंगावरचे केस पिंजारून कोपऱ्यात बसला. सलाईनवाले मरणार हे बाईंना ठाऊक होतं. पण वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणारी बाई कौतिकला डोळ्यांदेखत मरू देईल होय? त्यांनी त्याला चौथ्या पिंजऱ्यात टाकलं आणि संख्या जुळवायला तिथली ताईबाई उचलून सलाईनमध्ये ठेवली. शेपटीवरच्या खुणा पुसट झाल्या की पेनने गिरवायचं काम त्यांचंच, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. एवढ्यांतून नणंदच का निवडली, हे मी विचारायच्या फंदात पडलो नाही.

चौथ्या पिंजऱ्यात कौतिक उठून खायला लागला. पण ताईबाईला पहिल्या दिवशीची दोन्ही औषधं मिळाली होती. तीही मरेना. मयुरीचे मार्गदर्शक ललित सर, ज्यांना उंदीर हातात घ्यायची वेळ आली की मीटिंग आठवते, ते येऊन बघून गेले. नुसत्या मिठाच्या पाण्यावर उंदीर जगत असेल तर औषधाने काय सिद्ध केलं, असं म्हणून त्यांनी सगळी बॅच फेकायला सांगितली. मयुरी जिन्यात बसून रडली.

ते बाईंना सोसेना. त्यांनी जाऊन अदलाबदल कबूल केली. सर म्हणाले, एकच जोडी बदलली हे कशावरून? आणि हाच उंदीर का? बाईंनी पदर तोंडाशी धरला.

"मावशी, खरं कारण सांगा," मयुरी म्हणाली. "ते पटलं तर दोनच उंदीर वगळता येतील, माझं बाकीचं काम वाचेल."

रडारड ऐकून कौतिकभाऊ दारात येऊन उभे होते. बाईंनी त्यांना पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं.

"त्यानं नाव कौतिक शे."

"काय शे?" दारातून आवाज आला.

"तुमले नही, उंदीरले म्हनी रायनी."

पुढचं त्यांनी रडतच सांगितलं. सरांना त्या दिवशी मीटिंग आठवली नाही, आणि कारणही पटलं. मयुरीने दोन उंदीर वगळले, बाकीचा हिशेब टिकला, आणि चौथा पिंजरा जिंकला. तिच्याइतका आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. सरांनी मात्र नियम केला, यापुढे उंदरांना फक्त नंबर.

नवी बॅच आली त्या दुपारी कौतिकभाऊ गेट सोडून ॲनिमल हाऊसच्या खिडकीशी आले. आत बाई पाण्याच्या बाटल्या धूत होत्या, एकदम चूपचाप. ते बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग हळूच म्हणाले,

"मंग आते मनं नाव कधी लेशी?"