जन्मस्थान सिंगापूर

केरबा जगदाळे कतारमध्ये, दोह्यात क्रेन चालवायचा. १९७७ साली पासपोर्टचं नूतनीकरण करायला भारतीय वकिलातीत गेला, तेव्हा कारकुनाने जन्मस्थानावर बोट ठेवलं.

"सिंगापूर? मग तू भारतीय कसा?"

"वडील तिथं पलटणीत होते, साहेब. आई सोबत होती."

"तसा कागद आण."

कागद कुठून आणणार? वडील युद्धात गेले, तेव्हा केरबा तीन वर्षांचा होता. त्याआधीच आई त्याला घेऊन साताऱ्याला परतली होती.

त्याच्या हाताखालचा शहाजी सुट्टीवर निघाला होता. "मी आणतो," तो म्हणाला. केरबाने मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. आपल्याला परत पाठवलं, तर क्रेन शहाजीलाच मिळणार होती. शहाजीची सुट्टी संपली, वर दोन आठवडे गेले. तो मुद्दामच कागद आणत नाही, अशी केरबाची खात्रीच पटली. गावाकडची माणसं भेटली, तरी तो बोलेनासा झाला.

मग शहाजी आला. त्याने जिल्ह्याच्या सैनिक कचेरीत खेटे घालून वडिलांच्या नोंदीची नक्कल मिळवली होती. तीत लिहिलं होतं : पत्नी तानूबाई, मुलगा केरबा, जन्म सिंगापूर छावणी.

पासपोर्ट हातात पडल्यावर केरबा म्हणाला, "शहाजी, मी तुझ्यावर संशय घेतला होता."

"मीपण घेतला होता," शहाजी म्हणाला. "कचेरीत जाण्याआधी तुझ्या आईला विचारलं, केरबा खरंच तुमचाच ना?"