हडबडरावांचे तीन केस

माझे मामा केसांचे टोप बनवायचे. नाटक-सिनेमाचे, डोक्यावर चढवायचे. कुणाशीही बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या भुवयांच्या वर असायची. माझ्या लग्नात त्यांनी नवरीला आशीर्वाद दिला तो थेट भांगाला.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड सकाळ त्या तीन केसांनी आणली. पेपरात अकरा वर्षं रोज येणाऱ्या चित्रमालिकेतला तो हडबडराव. टक्कल गुळगुळीत आणि त्यावर तीन केस. त्याच्यावर विनोदी सिनेमा निघाला. मालिकेच्या चित्रकारांची अट एकच होती. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी ते स्वतः येऊन बसणार आणि ‘हा माझा हडबडराव नव्हे’ म्हणाले की काम बंद. तालमीच्या वेळीच त्यांनी दोन टोपवाल्यांना घरी पाठवलं होतं. तिसरे मामा. या कामासाठी मामांनी नाटक मंडळीतली सतरा वर्षांची कायमची नोकरी सोडली होती आणि त्या जागेवर दुसरा माणूस बसलाही होता.

मामीने जमवलेली हडबडरावाची कात्रणं मामांनी जमिनीवर पसरली आणि मटकन खाली बसले.

“काय झालं हो?”

“अगं, हा डावीकडे चालला तरी केस उजवीकडे झुकतात, आणि उजवीकडे चालला तरी उजवीकडेच!”

“मग त्यात काय? तुम्हीही कुठेही निघालात तरी पानाच्या दुकानाकडेच झुकता.”

चित्रात ठीक होतं. खऱ्या डोक्याने मान वळवली की केसही वळणार. मामांनी मग दोन टोप केले, एक डावीकडे बघायचा, एक उजवीकडे. दिग्दर्शकांना बजावलं, “एका दृश्यात मान एकाच बाजूला. वळला की मेलो.”

चित्रीकरणाच्या दिवशी चित्रकार खुर्चीत येऊन बसले. चेहरा असा की पाहुण्यांना चहासुद्धा विचार करूनच देत असावेत. दिवे लागले. नट डावीकडून आला, खिडकीशी थांबला. केस बरोबर. मामांनी श्वास सोडला. तेवढ्यात नटाला सुरसुरी आली. त्याने ठरलेलं सोडून झोकात गिरकी घेतली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

तीन केस भलतीकडेच झुकले.

“थांबा,” चित्रकार म्हणाले.

निर्माते मामांवर धावले. “अहो, तीन केस धड बसवता येत नाहीत तुम्हाला? निघा!”

मामांनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. कात्रणांचा गठ्ठा चित्रकारांच्या मांडीवर ठेवला.

“साहेब, जातोच आहे. फक्त एक सांगा. हा मागून कसा दिसतो? मी सगळी चित्रं पाहिली, पाठ कुठेच नाही.”

“माझी चूक काढताय?”

“चूक नाही. अडचण माझी आहे. मला डोक्याला चारी बाजूंनी केस लावावे लागतात.”

निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. चित्रकार एकेक कात्रण बघत राहिले. मग ते उठले आणि नटाच्या मागे जाऊन उभे राहिले.

“हलू नका हो,” नटाला म्हणाले. बराच वेळ त्या टकलाकडे बघत राहिले. “अकरा वर्षं हा माझ्याकडे तोंड करून उभा आहे. जाताना कधी पाहिलाच नाही मी याला.” मधला केस त्यांनी बोटाने किंचित दाबला, सोडला. तो पुन्हा उभा राहिला. “असाच दिसत असणार. चालू करा.”

मामा पिशवी हातात तशीच धरून भिंतीला टेकले.

पुढच्या रविवारी पेपरात हडबडराव पहिल्यांदाच पाठमोरा निघाला, लांब रस्त्याने. केस मामांनी लावले होते अगदी तसे. मामीने कात्रण कापून मामांपुढे धरलं.

“घ्या. तुमचे केस पेपरात आले. तुम्ही कधी येणार?”

मामांनी चष्मा लावून निरखून पाहिलं.

“डावा जरा जाड काढलाय,” ते म्हणाले.