माझं शेण, मेहुण्याचा ऊस

माझ्या सख्ख्या मेहुण्यानं मला फसवलं, आणि त्याला फूस होती माझ्याच बायकोची.

जनावरांच्या बाजारात मला गंडवणारा अजून जन्मलेला नाही. एका म्हशीवर सुरुवात करून केडगावजवळ ओढ्याकाठी गोठा उभा केला, तो घासाघीस करूनच. (बायको त्याला भांडण म्हणते.) गोठा धुतला की शेणाचं पाणी थेट ओढ्यात. म्हशीही दिवसभर तिथंच डुंबायच्या. फुकटचं न्हाणीघर!

ओढ्याच्या खालच्या अंगाला मेहुणा दत्तू राहतो. त्याची पिण्याची विहीर ओढ्याला लागूनच. पाण्याला वास यायचा, सासूबाईंचं पोट सारखं बिघडायचं. बायको, सुमन, मागं लागली, "अवं, काठाला कुंपण घाला, गवताचा पट्टा लावा, म्हशींना हौद बांधा. आईला पाणी पिववत न्हाई."

"वढा काय माझ्या बापाचा हाय?" मी गरजलो. विषय संपला.

मग एक दिवस दत्तूच आला. चहा फुरकत म्हणाला, "दाजी, आक्काचं ऐकू नगा. कुंपण घालूच नगा!"

"का रं?"

"तुमचं शेणाचं पाणी मी मोटरनं उचलतो की! ऊस कसला काळाभोर आलाय! यंदा खताची गोणी म्हणून आणली न्हाई."

माझं डोकंच फिरलं! म्हशी माझ्या, शेण माझं, आणि ऊस याचा? तोही फुकट?

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. शेणासाठी खड्डा, म्हशींना हौद, काठानं दाट गवत आणि पुढं झटका मशीनची तार.

"तारेत करंट आलाय का बघितलं का?" सुमननं विचारलं.

"निम्म्या किमतीत आणलीय मशीन, इतक्यात कुठला..." म्हणत मी तारेला हात लावला, आणि उडून थेट नव्या खड्ड्यात! म्हशी रवंथ थांबवून बघत राहिल्या.

"आलाय," सुमन म्हणाली.

(त्यानंतर एकही म्हैस तारेकडं फिरकली नाही.)

पण एक गोष्ट मला चैन पडू देईना. पावसात गोठ्याकडून गढूळ पाणी यायचं, गवतात शिरून मंदावायचं आणि ओढ्यात उतरताना बऱ्यापैकी नितळ! एवढ्याशा गवतात घाण अडकते कशी? मी उकिडवा बसून बघायचो. गवताच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी बाटल्यांत भरून उन्हात धरायचो. ओढ्यात मासे दिसू लागले, तेव्हा तर जेवायचंही विसरलो.

शेवटी दत्तूला खिजवायला त्याच्या घरी गेलो. "काय दत्तू, पडला का ऊस पिवळा?"

ओसरीवर खताच्या गोण्यांची थप्पी, तीही जुनी, धुळीनं माखलेली! सासूबाईंनी तांब्या पुढं केला. "घ्या जावईबापू, इहिरीचंच हाय. पोट बी आता गप हाय माझं. सुमी म्हणलीच व्हती, त्येंना सरळ सांगून उपेग न्हाई, फुकट जातंय म्हणा!"

दत्तू छताकडं बघू लागला.

घरी येऊन मी आकांडतांडव केलं. सुमन शांतपणे म्हणाली, "मग काढा कुंपण. खड्ड्यातलं खत द्या वढ्यात सोडून."

सोडू कसं? त्या खतावर माझा कांदा पोसत होता. चिखलात बसणं सुटल्यापासून म्हशींच्या कासा सुजणं कमी झालं होतं.

म्हणजे कट सिद्ध झाला, आरोपींनी गुन्हा कबूल केला. नुकसान तेवढं काही केल्या सापडत नाही! या तिघांपैकी कुणीतरी मला जाब द्यावा: फसवायचंच होतं, तर थोडं तरी नुकसान का केलं नाहीत? आता मी भांडू कशावरून?