मोटरीला लागलेली उचकी

पैठणचे व्याही पहिल्यांदाच मुक्कामाला येणार होते, त्याच दिवशी मी आमची पाण्याची टाकी कोरडी राहील याचा चोख बंदोबस्त केला. अर्थात मला वाटत होतं, मी घरात सुधारणा करतेय!

दुष्काळाची वर्षं. बजाजनगर अंगानं वाढत होतं, नळ मात्र रोडावत चालले होते. आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही आपल्या मर्जीनं. मी नवीकोरी सासू, अन् सून रेखा वाळूजच्या कंपनीत सर्किटं जोडणारी. तिनं जेवणाच्या डब्याएवढं यंत्र केलं. नळाला पाणी आलं की आतली चिप ओळखायची, खटका ओढायची अन् मोटर आपोआप सुरू! मी नव्या मोबाइलवरून साऱ्या नातलगांना सांगत सुटले, "आमच्या रेखानं मोटरीला अक्कल दिली!"

व्याही यायच्या दिवशीच पाणी आलं. रेखा कंपनीत. डब्यात खटका वाजला, मोटर घुर्र... अन् बंद! पुन्हा घुर्र... पुन्हा बंद! मी कौतुकानं बघत राहिले. दुष्काळात यंत्रसुद्धा कसं घोटघोट पितंय! (अशी बुद्धी देव सगळ्यांना देत नाही.)

भिंतीवरून शेजारच्या नसीमआपा डोकावल्या. "क्या भाबी, मोटर कू हिचकी लगी क्या?"

"नवं यंत्र हाय आपा, दमानं घेतंय."

"दमानं? नल चला जाएंगा! पानी पिलाव उसकू!"

उचकीला पाणी पाजा म्हणे! तेच तर वर चढत नव्हतं! मी डब्याला थोपटलं, चापटी मारली, शेवटी उदबत्ती लावली. मोटर थेट लावायचं जुनं बटण? ते मीच हौसेनं काढायला लावलं होतं. धरणाच्या गावची माणसं येणार, अन् त्यांच्यापुढं रिकामा रांजण ठेवू?

रेखा पाळीवरून आली तेव्हा नळाची धार करंगळीएवढी उरलेली. पर्स खांद्यालाच ठेवून तिनं मीटर लावलं.

"आई, मोटर चांगली हाय. चिपला पाच व्होल्ट लागतात. खटका ओढला की ते तीनवर येतायत. तिला भोवळ येते, खटका सुटतो, मोटर बंद. व्होल्टेज सावरलं की ती पुन्हा पहिल्यापासून उठते."

मी मेंढरांमागं वाढलेली, लगेच कळलं. "म्हंजी उपाशी कोकरू! उठतंय, पडतंय."

"व्हय, अगदी तसंच!" असं म्हणत ती वायर धरून मागं गेली अन् थांबली. टोकाला आमच्या जुन्या फोनचा मरतुकडा चार्जर. "माझं अडॅप्टर कुठंय?"

मी पदर सावरला. (तो ढळलेला नव्हता.) दोन्हींची पिन सारखीच, अन् तिच्या अडॅप्टरवर माझा फोन लई भरभर चार्ज व्हायचा, म्हणून सकाळीच मी अदलाबदल केली होती!

रेखानं माझा फोन उपटला, अडॅप्टर डब्याला लावलं. खटका वाजला. मोटर घुर्र झाली अन् घुर्रच राहिली! नळ गेला तेव्हा टाकी काठोकाठ नव्हती, पण व्याह्यांची अंघोळ निघाली. दिवसभर राबून आलेल्या त्या पोरीला मी मनातल्या मनात मुजरा केला.

जेवताना मी व्याह्यांसमोर यंत्राचं पुराण पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात रेखानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला अन् हसत म्हणाली,

"आई, त्या कोकराचं दूध तुम्ही फोनला पाजलं, अन् त्याच फोनवरून कोकराचं कौतुक गावभर सांगत बसलात!"