टाचेमागची शीर

गोठ्यात पाय घसरला आणि माझी टाचेमागची शीर अर्धी फाटली. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात. काही आठवड्यांनी व्यायाम सुरू करा, असं त्यांनी बजावलं होतं. पण आमच्या घरात शब्द चालतो आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांनी मला बाळंतिणीसारखं खाटेवर घातलं. डिंकाचे लाडू, आळीव, वर हुकूम, "पाय भुईला लावायचा न्हाय." तीन महिन्यांत मी फुगले आणि पोटरीची मात्र काडी झाली. उकिडवं बसता येईना. आमची म्हैस गाभण होती आणि धार ती फक्त मला काढू देते. ती व्यायच्या आत मला बसता आलं नाही तर तिला विकायची, असं ठरलं. मला रडूच यायचं.

शेवटी कोल्हापुरात व्यायाम शिकवणाऱ्या, गारगोटीकडच्या एका मुलीकडे गेले. ती म्हणाली, "काकी, शीर नुसती खाऊन जुळत न्हाय. तिला कामाला लावा, पण बेतानं."

स्नायू राबले की रक्तात संप्रेरकं सुटतात, तिनं समजावलं. शिरेच्या धाग्यांत मूळ पेशी पडून असतात. त्यांना हा निरोप पोचला की त्या जाग्या होतात आणि नवे धागे विणायला लागतात. "बरंचसं जनावरांवर बघितलंय, माणसात अजून शोधाय लागलेत," हेही तिनं कबूल केलं.

मी थक्क झाले. आचळाला हात लागला की म्हशीच्या मेंदूतून रक्तात निरोप सुटतो आणि ती पान्हा सोडते, हे मला ठाऊक होतं. जन्म गेला त्यात. पण माझ्याही मांडीचा निरोप माझ्याच टाचेला जात असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग रोज सकाळी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, सावकाश खाली सोडायच्या. आत्या कुरकुरायच्या, "जुळल्यालं परत तोडतीस व्हय?" मी ऐकलं नाही. दुखायचं, तरी प्रत्येक वेळी वाटायचं, आत कुणीतरी उठून कामाला लागलंय.

म्हैस व्याली त्या सकाळी मी उकिडवी बसले. टाच ओढली, पण धरून राहिली. बादलीत धार वाजली.

आत्या खांबाला धरून बघत होत्या. लग्नापासून मी त्यांना लंगडतानाच पाहिलंय. जन्माचंच असेल, असं धरून चालले होते. त्या हळूच म्हणाल्या, "माझी बी अशीच फाटलीती. सासूनं वरीसभर उठू दिलं न्हाय. लई माया केली तिनं."