मीटरच्या काचेवरचा डाग

वालूरहून फोन आला तेव्हा मी सेलूच्या बाजारातल्या सलूनमध्ये खुर्चीवर बसलो होतो. एका गालावरून वस्तरा फिरून झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता. सुमनच्या शेजारच्या कमलबाई बोलत होत्या. "अण्णा, बाई उठंनात. दूधवाला हाका मारून गेला, मी दार ढकलून बघितलं... तुमी या लवकर." सलूनवाल्याने काही न विचारता ओल्या फडक्याने फेस पुसून घेतला. धाकट्या बहिणीला शेवटचं बघायला मी अर्धी दाढी घेऊन गेलो. ती जिवंत असती तर म्हणाली असती, "अण्णा, निम्मंच रडायचं ठरवून आलास काय?"

ती झोपेतच गेली होती. चेहरा शांत होता. न्हाऊ घातल्यावर कमलबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला, तेव्हा मानवतहून आलेल्या आमच्या नात्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "तिला कशाला गं कुंकू? हिच्या हातचं गाडीला सोसलं नव्हतं." कमलबाईंचा हात तिथेच थांबला. मी दारात उभा होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही, आणि सुमन तशीच गेली.

ही गाडीची गोष्ट आमच्या सगळ्या नात्यात ठाऊक आहे. लग्नकार्यात, पंगतीला बसल्यावर कोणी ना कोणी ती काढतं. ती खोटी आहे. खोटी कशी, हे माहीत असलेला माणूस मी एकटाच. म्हणून काही आठवड्यांनंतर का होईना, हे लिहायला बसलो आहे.

सुमनचं लग्न होऊन दोन संक्रांतीही झाल्या नव्हत्या, तेव्हा तिचे यजमान काविळीने गेले. सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं आणि ते पुन्हा फिरकले नाहीत. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. सुमनने मात्र डी.एड.चा अर्ज भरला, आणि शिकून वालूरच्या शाळेत लागली. तिथेच दोन खोल्या घेऊन राहिली ती शेवटपर्यंत. बोलायला फटकळ. मुलं तिला घाबरायची, पण सुट्टीत तिच्याच दारात खेळायची. मी तिला महिन्यातून एकदा तरी भेटायला जायचो. "ये, तपासणी अधिकारी ये," म्हणायची, "हजेरी मांडून घे माझी." मी शाळेत लिपिक, म्हणून ही थट्टा.

मी गाडी घेतली तेव्हा तिच्याइतका आनंद माझ्या घरात कोणालाच झाला नसेल. गाडी कोणाची तरी वापरलेलीच, लहानशी, पांढरी. माझ्या पत्नीच्या, सुधाच्या, थोरल्या भावाने मानवतहून पाहून दिलेली. पण आमच्या घरातली ती पहिली गाडी. सुमन कायम पुढच्या सीटवर बसायची आणि माझ्याकडे नाही, मीटरकडे बघायची. काटा जसा चढेल तसा मोठ्याने वाचायची, वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशी. "चाळीस... पन्नास... अण्णा, साठ झाले बरं का! उतरव." मागून आई म्हणायची, "गप बस की गं जरा." सुमन म्हणायची, "मी गप बसले तर हा ऐंशीवर नेतोय."

पहिला दसरा आला. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. सुधा पूजेचं ताट घेऊन बाहेर आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडीला कुंकू सुमन लावील." आई दचकली. मला बाजूला ओढून हळूच म्हणाली, "अरे, काय करायलास? वर्षाचा सण हाय. तिच्या हातानं नको." मी आईला मोठ्याने उत्तर दिलं, गल्लीने ऐकावं इतक्या मोठ्याने, की हे असलं आता आपल्या घरात चालणार नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझी छाती फुगली होती. आपण किती पुढारलेले, हे मीच मला दाखवत होतो. सुमन आधी नको म्हणाली. मग तिने पदर खोचला, कुंकू टिकावं म्हणून तेलात कालवलं, बॉनेटवर रेखीव स्वस्तिक काढलं, आणि दार उघडून आत वाकली. मीटरच्या काचेवर अनामिकेने एक टिळा लावला. आपण काच म्हणतो, पण असतं ते पारदर्शक प्लास्टिक. "काटा जागेवर राहू दे रे बाबा," ती त्या काट्याला म्हणाली. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही... इतक्या वर्षांत तिच्या बोटाला कुंकू लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुमन सकाळच्या एसटीने वालूरला गेली. दुपारी मानवतची मंडळी गाडी बघायला येणार होती. आणि माझी फुगलेली छाती सकाळपासूनच बसायला लागली. मेव्हणे विचारतील, कुंकू कोणी लावलं? मी काय सांगू? जे आईला गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं, ते मेव्हण्यांना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. मी बादली घेतली आणि कोणाचं लक्ष नसताना बॉनेटवरचं स्वस्तिक पुसून टाकलं. ते सहज गेलं. आतला टिळा मात्र जाईना. आदला पूर्ण दिवस गाडी उन्हात उभी होती, तेलातलं कुंकू प्लास्टिकवर घट्ट बसलं होतं. पाणी लावलं, साबण लावला, नखाने खरवडलं. लाल कडा तशीच. दिवाळीसाठी खिडक्यांच्या गजांना रंग लावायचं काम चालू होतं, ओसरीवर थिनरची बाटली होती. मी फडक्यावर थिनर घेतलं आणि जोर लावून घासलं.

कुंकू एका क्षणात गेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत प्लास्टिक पांढरं पडत गेलं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. मी घाबरून आणखी घासलं, तसा डाग आणखी पसरला. साठ आणि ऐंशीच्या मधले आकडे दिसेनासे झाले. मी फडकं गुंडाळून कचऱ्यात खाली दाबून टाकलं.

दुपारी मेव्हणे गाडीत बसले आणि म्हणाले, "दाजी, हे काय झालं? मी बघितली तेव्हा काच लख्ख होती." मी म्हणालो, "तिथं कुंकवाचा टिळा लावला होता..." आणि थांबलो. पुढचं वाक्य ओठावर होतं. पण ते बोलायचं तर, मी थिनर लावलं, एवढंच सांगून भागलं नसतं. कुंकू पुसायची घाई मला का झाली होती, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो, आणि उरलेलं वाक्य दारात उभ्या असलेल्या आईने पूर्ण केलं. "मी म्हनले होते, तिला हात लावू देऊ नका. सोसलं न्हाई बघा गाडीला."

तेवढं पुरलं. त्या महिन्यात मानवतच्या रस्त्यावर टायर पंक्चर झालं, तेही कुंकवामुळे. एकदा शेळी आडवी आली, तीही कुंकवामुळे. भाऊबीजेला सुमन आली तेव्हा आईने तिला चपला काढायच्या आतच सांगितलं. सुमन परत बाहेर गेली, गाडीचं दार उघडलं आणि त्या पांढऱ्या डागावरून तेच बोट फिरवलं. "अण्णा, माझ्यामुळं झालं का रे हे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "जाऊ दे गं. होतं कधी कधी." आदल्या वेळी मी नुसता गप्प राहिलो होतो. खोटं बोललो ते या वेळी.

त्यानंतर तिने त्या डागाचा पिच्छा सोडला नाही. मी वालूरला गेलो की गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर यायची, हातात टूथपेस्टची ट्यूब आणि आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. शाळेतल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की पेस्टने प्लास्टिक उजळतं. मी म्हणायचो, आधी चहा दे. ती म्हणायची, "चहा नंतर. आधी काच." ड्रायव्हरच्या सीटवर बसून ती बोटाच्या पेराएवढी पेस्ट त्या तुकड्यावर घ्यायची आणि गोल गोल फिरवायची, जोर न लावता, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. मग ओलं फडकं, मग कोरडं. मग मान तिरकी करून उजेडात बघायची. "फरक पडायलाय की नाही?" मी "हो" म्हणायचो. पडतही होता. वर्षागणिक तो डाग विरळ होत गेला. मी मात्र बाहेर उभा राहून, मी केलेला डाग तिला पुसताना बघत असायचो. दरवेळी वाटायचं, आज सांगू... दरवेळी ती दार लावून म्हणायची, "चल आता, चहा घे," आणि मी आत जायचो.

गाडीत मात्र ती तशीच होती. काटा डागामागे गेला की म्हणायची, "अण्णा, आपण ढगात शिरलो. आता तुझ्या विश्वासावर." हसायची. मलाही हसावं लागायचं.

माझ्या मुलीच्या, मनीषाच्या, हळदीच्या दिवशी अंगण बायकांनी भरलं होतं. सुधा सुमनला म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा आत लाडवांकडं बघता का?" वाक्य पुरं व्हायच्या आत सुमन उठली. मी मागोमाग कोठीच्या खोलीत गेलो. ती एकटीच परातीपुढे बसून लाडू डब्यात भरत होती. "तू बाहेर चल," मी म्हणालो. ती म्हणाली, "नको रे. पोरीला माझ्या हाताचा डाग नको. तो लवकर निघत नाही, तुला तर ठाऊकच हाय." आणि माझ्या हातावर एक लाडू ठेवला. मनीषाला जन्मल्यावर पहिली आंघोळ घालणारी तीच. बाहेर हळद लागत होती, गाणी चालली होती, आणि मी तो लाडू खाल्ला.

एकदा, फक्त एकदा, मी निम्मं बोललो. परभणीला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणत होतो. डोळ्यांवर काळा चष्मा, हात मांडीवर. काटाही वाचत नव्हती. मी म्हणालो, "सुमन, त्या काचेचं... ते तुझ्या कुंकवानं झालं नव्हतं." तिने माझ्याकडे तोंड वळवलं. तिला मी धड दिसत नव्हतो, तरी वळवलं. "अण्णा," ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून तू किती वर्षं काय काय बोलत आलास. आईशीसुद्धा तू माझ्यासाठी भांडलास. तेवढं पुरे हाय मला." आणि माझ्या हातावर थोपटलं. मी "नाही, ऐक" म्हणायला हवं होतं. थिनर, फडकं, मेव्हणे, सगळं सांगायला हवं होतं. पण तिने मला इतकं चांगलं ठरवून टाकलं होतं की तिथून खाली उतरायला मला जमलं नाही.

हे इथवर लिहिलेलं दोन आठवड्यांपूर्वी सुधाला वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? मला माहीत असतं तर मी तिला आत पाठवलं असतं का?" मी कागदांची घडी घातली. ती म्हणाली, "तुमचं पाप मी वाढलं हो पंगतीत." मग उठून आत गेली. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. मानवतला मेव्हण्यांना फोन मीच केला. ते आता थकलेत, ऐकू कमी येतं. मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं.

गेल्या आठवड्यात सुमनच्या खोल्या रिकाम्या करायला वालूरला गेलो. सामान थोडंच होतं. कमलबाई मदतीला आल्या. दाराच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, भिंतीवर लाल ठिपक्यांची गर्दी दिसली. बोटं पुसल्याच्या खुणा, एकावर एक, कित्येक वर्षांच्या. खाली तिपाईवर पितळी करंडा. मी विचारलं, हे काय? कमलबाई म्हणाल्या, "आमच्या बोटांचं हाय अण्णा ते. गल्लीतली कुणी बी घरी आली की कुंकू लावल्याबिगर बाई जाऊ देत नव्हत्या. आधी सोताच लावायच्या, कुणाचं ऐकायच्या न्हाईत. म्हणायच्या, माझ्या घरात माझा कायदा. आमाला बी लय बरं वाटायचं. मग एका दसऱ्यानंतर बंदच केलं. करंडा इथं ठिवला, म्हणल्या, आपल्या हातानं घ्या लावून, माझ्या हाताचा डाग ऱ्हातो... मग आमी लावायचो आन् बोट हितं पुसायचो."

वालूरच्या त्या दोन खोल्यांत ती जे मिळवून बसली होती, ते मी सेलूच्या ओसरीवर थिनरच्या एका बोळ्याने पुसून टाकलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी कमलबाईंना तिथेच सगळं सांगितलं. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या घरी निघून गेल्या. रागावल्या असतील. त्यांना तो हक्क आहे.

घरमालक पुढच्या भाडेकरूसाठी चुना मारून घेणार आहेत. मी बराच वेळ त्या भिंतीपुढे उभा होतो. गल्लीतल्या सगळ्या बायकांची बोटं तिथे आहेत, म्हाताऱ्यांची, लग्न होऊन आलेल्या सुनांची, तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरींची. सुमनचं त्यात एकही नाही.