हाक्यातली मोकळी वाट

शिकारीच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत शेवटी वाघ पडतो. मी ज्या एकाच शिकारीत होतो तिच्यात वाघ पडला नाही, आणि त्याचं सगळ्यांत जास्त दुःख बंदूक घेऊन बसलेल्या साहेबाला झालं नाही. ते मला झालं.

मी तेव्हा नुकताच बी. ए. होऊन जव्हारला परतलो होतो. आमचा पाडा मोखाड्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. जव्हारच्या शाळेत मला कोणी बसवलं, पुढे नाशिक-पुण्याचं शिक्षण कोणाच्या आधारावर झालं, हे मी जन्मात विसरणार नाही. जव्हार संस्थानाने मला माणसांत आणलं. म्हणून परत आल्यावर दरबारात मी एकच मागणी घातली : आमच्या पाड्यावर एक शाळा द्या, मास्तर मी होईन. माझा धाकटा भाऊ गुरं राखत होता. त्याचं शिकण्याचं वय सरत चाललं होतं, आणि त्याच्यासारखी आणखी बरीच पोरं आसपासच्या पाड्यांवर होती. चारदोन वर्षांत ती सगळी नांगराला लागली असती.

दरबारातले एक कामदार माझं म्हणणं ऐकून घेत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढे कामांचा ढीग असे. आश्विन महिना लागला आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्हांला इंग्रजी बोलता येतं ना? नुसतं वाचता नव्हे, बोलता?"

"येतं."

"मग ऐका. एक पाहुणे येताहेत. आफ्रिकेत बरीच वर्षं काढलेले गोरे साहेब. मोठे शिकारी. आता इथून बोटीने विलायतेला जाणार, त्याआधी एक वाघ हवाय. तुमच्याच पाड्याच्या दरीत वाघ आहे म्हणतात. माणसं तुमची, भाषा तुमची. ही शिकार नीट पार पडली की शाळेचा कागद मी स्वतः पुढे ठेवतो."

मी आनंदाने होकार दिला. आपल्या गावच्या लोकांकडून एक काम करून घ्यायचं आणि त्या बदल्यात त्यांच्याच मुलांना शाळा मिळवून द्यायची, यापेक्षा सोपं काय असणार, असं मला वाटलं.

साहेब आले ते बैलगाड्यांची रांग घेऊन. तंबू, घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, अंघोळीचा कापडी टब. उंच, उन्हाने रापलेला, बोलायला सभ्य माणूस. आफ्रिकेत शिकारीच्या अशा मुक्कामाला सफारी म्हणतात, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिथे डोक्यावर सामान घेतलेल्या हमालांची रांग कशी चालते, उघड्या माळावर सिंह कसा दुरून दिसतो, त्याच्यामागे पायी कसं जायचं, हे सगळं ते फार रंगून सांगत. मला ते ऐकायला आवडे. पण आमच्या दरीकडे पाहिलं की त्यांचा चेहरा उतरे. पावसाळ्यानंतरचं गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं, कारवी दाटलेली. हातभरावरचं दिसत नव्हतं.

"आफ्रिकेत असं नसतं," ते म्हणत.

हे मी हाकेवाल्यांना सांगितलं तेव्हा माझे वडील म्हणाले, "मंग थितंच ऱ्हायचा व्हता ना."

सगळे हसले. साहेबांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तुमचं स्वागत असो म्हणतात.

हाका म्हणजे जंगलाच्या एका टोकाने माणसांनी रांग धरायची, डबे वाजवत, आरडाओरडा करत पुढे सरकायचं आणि जनावराला दुसऱ्या टोकाला, मचाणावर बसलेल्या बंदुकीसमोर नेऊन सोडायचं. दरबाराचा हुकूम म्हणून घरटी एक माणूस आला होता. भात पिवळं होऊन उभं होतं, नागली कापायला आली होती, आणि ही माणसं डबे घेऊन डोंगरात. ती खूश नव्हती. तरी आली. माझे वडील पाड्यातले जाणते, म्हणून रांग लावायचं काम त्यांच्याकडे आलं.

दरीत बांधलेलं रेडकू वाघाने मारलं. सकाळी खबर आली. साहेब दरीच्या खालच्या टोकाला, खिंडीतल्या मचाणावर चढले, मी त्यांच्या मागे बसलो. वरच्या बाजूने डबे वाजायला लागले. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला. मोर उडाले, एक भेकर पळालं, रानडुकरं गेली. साहेबांनी कशावरच बंदूक उचलली नाही. मग गवतातून माणसांचीच डोकी वर आली. हाका संपला होता.

वाघ दरीत होता, ताजे माग होते. तो पुढे न येता मागे फिरला आणि रांगेतूनच वर निघून गेला. कसा गेला ते पाहायला मी वर चढलो, आणि एका जुन्या ऐनाच्या झाडापाशी थांबलो. त्या झाडाखाली आमचा वाघोबा आहे. लाकडाची एक फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. माझं बालपण त्या फळीच्या आसपास गेलेलं. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना गवत तुडवलेलं होतं, माणसं तिथून गेली होती. फळीसमोरचं गवत मात्र सरळ उभं. त्यातून एकच पायवाट झाली होती, आणि ती वाघाची होती.

संध्याकाळी मी वडिलांना गाठलं. ते अंगणात विळ्याला धार लावत होते.

"बा, वाघोबापाशी रांग तोडली तुम्ही."

"तोडली नाय. वाट ठेवली."

"का पण?"

"बारस झाली का?"

वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. त्या दिवशी गुराखी घरोघरचे तांदूळ गोळा करतात, वाघोबासमोर खीर शिजवतात, आणि वर्षभर गुरांना, माणसांना सांभाळ म्हणून त्याला सांगतात. तोही मानतो, अशी आमच्याकडची समजूत. बारस होण्याआधी त्याला त्याच्याच अंगणातून डबे वाजवून हाकलायचं, हे पाड्यातला कोणीही करणार नव्हता. हे मला ठाऊक असायला हवं होतं. खरं तर ठाऊक होतं. पण कॉलेजात राहून ते कुठेतरी मागे पडलं होतं.

"बारस होऊं दे," वडील म्हणाले. "त्याचा त्याला देऊं. मंग तू म्हनशील तिथं रांग लावतो."

"साहेब बारशीच्या आदल्या दिवशी जाणार. त्यांची बोट आहे."

"मंग जाऊं दे."

"आणि शाळा?"

"शाळंचा काय?"

"वाघ मिळाला तर शाळा मिळेल, बा. कामदारांनी सांगितलंय."

विळ्यावरचा हात थांबला. बाजूला बसलेल्या माझ्या चुलत्यांनी तोंडातला विडा काढला. "आता हा काय सौदा रं? पोरांना अक्षर शिकवायला वाघ कशाला मारायला लागतो? शाळंत वाघाचा कातडा हातरनार का?"

मला राग आला. त्यांचं म्हणणं चूक होतं म्हणून नव्हे. ते बरोबर होतं, आणि त्याने माझं काहीच काम होणार नव्हतं. दरबारात मी हे तोंडातून काढू शकत नव्हतो आणि इथे दरबाराची रीत समजावून सांगू शकत नव्हतो. दोन्हीकडची भाषा येणारा मी एकटाच. त्याचा मला इतके दिवस अभिमान होता.

"तुमचीच पोरं अडाणी राहतील," मी म्हणालो.

"ऱ्हातील. आम्ही ऱ्हायलो," चुलते म्हणाले. "मेलो नाय."

साहेबांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आफ्रिकेतही लोकांच्या अशा काही जागा असत. आम्ही त्या लोकांना भेटवस्तू देत असू, मग ते ऐकत." मी ते वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "इचार त्याला, सिंहाला काय भेट देत व्हता?" मी विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, "सिंहाला? काहीच नाही." वडिलांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने बोलणं तिथे संपलं.

एक दिवस मोकळा गेला. त्या दिवशी हाकेवाल्यांनी भात कापून घेतलं. मी तंबूबाहेर बसून साहेबांच्या सिंहांच्या गोष्टी ऐकल्या. दुसरं रेडकू बांधलं होतं, रात्री तेही वाघाने मारलं. म्हणजे तो गेला नव्हता, पुन्हा त्याच दरीत येऊन बसला होता. उजाडला तो साहेबांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता.

मग मी स्वतःच एक निर्णय घेतला. लोक ती वाट बुजवणार नसतील तर मी बुजवेन. मी वडिलांना सांगितलं नाही. साहेब मचाणावर चढले तसं मी म्हटलं, वरच्या बाजूला लक्ष ठेवायला जातो, आणि रॉकेलचा रिकामा डबा घेऊन वळसा घालून ऐनापाशी गेलो. फळीला नमस्कार केला. सवय होती, हात आपोआप जोडले गेले. मग तिच्याकडे पाठ करून गवतात उभा राहिलो.

हाका सुरू झाला. माझ्या उजव्या हाताला, आवाजाच्या अंतरावर, माझे वडील होते. त्यांचा आवाज मी ओळखत होतो. डाव्या हाताला चुलते. मध्ये मी, आणि मी तिथे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

गवत हललं. पुढे जाणारं जनावर हलवतं तसं नव्हे. ते माझ्याकडे येत होतं. मग गवतातून वाघाचं डोकं बाहेर आलं. तो घाईत नव्हता. या वाटेने तो परवाच गेला होता, त्याला वाट माहीत होती. मला पाहून तो थांबला. एखादा माणूस आपल्या घराच्या दारात अनोळखी कोणी बसलेला पाहून थांबेल तसा.

मी डबा वाजवला. ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बहुतेक इंग्रजीत ओरडलो असेन. वाघाने कान मागे घेतले आणि तो वळला. खाली वळला. खिंडीकडे, साहेबांकडे, शाळेकडे वळला, असं मला स्पष्ट दिसलं. आजही दिसतं.

पण माझा आवाज वडिलांनीही ओळखला होता.

ते आपली जागा सोडून माझ्याकडे धावत सुटले. हातातला डबा टाकला, काठी टाकली, "पोरा, पोरा" करत कारवी मोडत आले. त्यांना वाघ दिसला नव्हता. वाघाला मात्र ते दिसले असावेत. रांगेत जिथे ते उभे होते तिथे आता कोणी नव्हतं, आवाज नव्हता. वाघ पुन्हा वळला, त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेतून एका उडीत वर चढला आणि डोंगराआड गेला.

वडिलांनी मला दोन्ही खांद्यांना धरलं. अंगभर चाचपून पाहिलं. मग कानाखाली एक ठेवून दिली.

"बीए झालास तो ह्याच्यासाठी? वाघाच्या दारात डबा वाजवायला?"

"बा, तुम्ही जागा सोडली नसती तर वाघ खाली गेला असता."

"जाऊं दे ना वाघ," ते म्हणाले. त्यांना दम लागला होता. "वाघ काय, दुसरा येल."

चुलते आले. त्यांनी मला पाहिलं, फळी पाहिली, डबा पाहिला. "बरा," ते म्हणाले, "आपला मास्तर देवाला डबा वाजवून उठवतो." यावर पुढे कित्येक वर्षं पाड्यात हसत होते.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमचे वडील फार चांगले शिकारी नाहीत." हे त्यांनी प्रेमाने म्हटलं. मला तेवढा विनोद समजण्याइतकं इंग्रजी येत होतं. हसू मात्र आलं नाही.

जव्हारला कामदारांनी मला बसायला सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "होतं असं," म्हणाले. "पुढच्या खेपेस बघू. कागद इथेच आहे." मी बाहेर येऊन गावाबाहेरच्या शिरपामाळाच्या बाजूला चालत गेलो आणि अंधार पडायच्या आत परत आलो. कुणावर रागवायचं तेच मला ठरवता येत नव्हतं. मला शिकवणाऱ्या संस्थानावर राग धरता येत नव्हता. आणि माझ्यासाठी वाघासमोर धावत आलेल्या माणसावर तर मुळीच नाही. तरी राग होता, आणि तो बराच काळ टिकला.

बारशीला मी घरी होतो. गुराख्यांनी ऐनाखाली खीर शिजवली. माझा भाऊ त्या वर्षी वाघ झाला होता. अंगाला पट्टे ओढून तो गुरगुरत पळत होता आणि बाकीची पोरं त्याला हाकलत होती. पानावर खीर आली. गूळ भरपूर घातला होता. चांगली झाली होती, आणि त्याचाही मला राग आला.

चुलते माझ्या शेजारी येऊन बसले. मिटक्या मारत खाल्ली, बोटं चाटली, आणि अगदी मनापासून विचारलं,

"मंग, शाळा कदी येते?"

वडीलही माझ्याकडे पाहत होते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. या दोघांच्या मनात वाघ आणि शाळा यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता, कदाचित कधी नव्हताच.

"कागद तिथेच आहे," मी म्हणालो.

शाळा आली ती बऱ्याच वर्षांनी, आणि आली ती आमच्या पाड्यावर नव्हे, नदीपलीकडच्या गावात. तिथे मास्तर म्हणून मीच गेलो. माझा भाऊ तोवर नांगराला लागला होता. पावसाळ्यात नदीला पूर आला की आमच्या पाड्याची पोरं येत नसत, आणि मी हजेरी घेताना त्यांची नावं तरीही पुकारत असे.